एसीच्या पाण्यावरचं अळू

समोरच्या बंगल्यात मागच्या आठवड्यात नवा एसी बसला. त्याची पांढरी नळी भिंतीवरून नुसती खाली सोडून दिली आहे आणि दुपारभर तिच्यातून रस्त्यावर पाणी ठिबकत असतं. डांबरावर एक काळा ओला डाग पडतो, कडेकडेने सुकतो, पुन्हा पडतो. घरमालकांना त्याचं काहीच नाही. मी मात्र गच्चीवर कुरडया घालायला गेले की कुरडयांकडे कमी आणि त्या डागाकडे जास्त बघते. एक बादली लावायला यांचं काय जातं, असं मनात येतं. दोनदा सांगायला म्हणून त्यांच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले. म्हणतील, बाईच्या डोक्यात ऊन गेलं. डोक्यात ऊन नाही, अण्णा आहेत. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन काही वर्षं झाली, पण एप्रिल लागला की ते हमखास आठवतात.

मी मूळची नाशिकची. आम्हा नाशिककरांना आमच्या हवेचा केवढा तोरा! लहानपणी भुसावळकडचे पाहुणे सुट्टीत आले की "तुमच्याकडं काय बुवा, महाबळेश्वरच" म्हणायचे, आणि माझे वडील जणू ती हवा त्यांनीच मागवून घेतली आहे अशा थाटात मिशीतल्या मिशीत हसायचे. घरात पंखा एकच, तोही पाहुण्यांपुरता. संध्याकाळी गंगेवरून वारा सुटायचा. गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बाहेरगावचा, असं आम्ही धरून चालतो. नव्वदच्या सुमाराला मी आणि माझा नवरा प्रकाश, आम्ही इंदिरानगरात घर बांधलं तेव्हा पाथर्डी फाट्याकडे द्राक्षांचे मळे होते आणि तिकडून येणारं वारं खरंच गार असायचं. मग मळ्यांचे प्लॉट पडले, प्लॉटांवर इमारती आल्या, रस्ता रुंद झाला, कडेची झाडं गेली. आमचं घर एकमजली, डोक्यावर उघडा स्लॅब, मागची खोली पश्चिमेला. उन्हाळ्यात त्या खोलीत पापड नुसता हातात धरला तरी भाजून निघाला असता. तरीही नाशिकमध्ये एसी घ्यायचा, हे कबूल करायला आमची जीभ रेटत नव्हती.

अण्णा मनमाडचे. सगळी नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, पत्र्याच्या छपराखाली गेलेली. मनमाड नाशिकपासून काही फार लांब नाही, पण पाण्याच्या बाबतीत तो दुसरा मुलूख. तिथे नळ रोज येत नसे. तो कधी येणार ते बघून पाहुण्यांना बोलावणं जायचं. नळ आला की घरात जे जे पोकळ असेल ते भरून ठेवायचं: पिंप, हंडे, कळशा, पातेली, शेवटी वाट्यासुद्धा. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजी धुतलेलं पाणी ओट्याला, अंघोळीचं पाणी परातीत धरून फरशीला. त्या घरात पाणी एकदा वापरून सुटलं असं कधी होत नसे.

लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेले तेव्हा माझ्यापुढे अर्धा पेला पाणी आलं. मला वाटलं, सासूबाई कंजूष आहेत. मी भरलेला पेला मागून घेतला, दोन घोट प्याले आणि उरलेलं माहेरच्या सवयीनं मोरीत ओतून टाकलं. स्वयंपाकघरातली सगळी बोलणी एकदम थांबली. आई, म्हणजे सासूबाई, माझ्या हातातल्या रिकाम्या पेल्याकडे बघत राहिल्या. अण्णा दारातून म्हणाले, "इथं पाणी अर्धंच घ्यायचं बरं का. लागलं तर मागायचं. मागायला लाजायचं नाही, पण टाकायचं नाही." ते रागावून बोलले नव्हते. शाळेचा रस्ता दाखवावा तसं त्यांनी मला ते दाखवलं. तरी मी त्या दिवशी मोरीकडे तोंड करून रडले. पुढे लक्षात आलं की त्या घरात पाहुणा आणि घरचा माणूस यांतला फरक तेवढाच. पाहुणा अर्ध्यावर संकोचून थांबतो, घरचा माणूस हाक मारून मागतो.

आईंना अळूचं भारी वेड. अळूच्या वड्या, अळूचं फदफदं, काहीही चालायचं. पण मनमाडला अळू बाजारातून आणावं लागे. नाशिकला ज्याच्या त्याच्या मोरीमागे अळू माजलेलं असतं, कुणी लावत नाही, कुणी बघत नाही, सांडपाण्यावर आपलं वाढतं. त्यांच्याकडे सांडपाणीच नव्हतं, तर अळू कुठून येणार? आमच्याकडे आल्या की त्या शेजारच्या जाधवबाईंच्या मोरीमागे जाऊन उभ्या राहायच्या. दुसऱ्याची म्हैस बघावी तशा त्या अळूकडे बघायच्या. "जिच्या मोरीमागं अळू, ती बाई श्रीमंत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "तुमच्याकडं कायमची राहायला आले ना वंदना, तर बाकी काही मागणार नाही. मागं अळू तेवढं लावीन." अण्णांच्या निवृत्तीनंतर दोघं येणारच होती. त्या आधी आईच गेल्या.

अण्णा एकटे आले. पत्र्याची एक पेटी, एक तांब्या आणि चेहऱ्यावर पाहुण्याचा संकोच. आम्ही दोघं सकाळी कामावर जायचो, प्रकाश कारखान्यात आणि मी पतपेढीत. दिवसभर हा माणूस घरात काय करायचा? नळ घट्ट करत फिरायचा. आमचे नळ इतके घट्ट बंद असत की संध्याकाळी मला ते दोन्ही हातांनी उघडावे लागत. बाकी त्यांचा कसलाच उपद्रव नव्हता, आणि मला तेच खुपायचं. भाजीत मीठ नसलं तरी गप्प जेवायचे. आमटी संपली तर कोरडा भात खाऊन उठायचे. ज्यांनी मला मागायला शिकवलं, ते माझ्या घरात काही म्हणजे काही मागत नव्हते. आणि दर पंधरवड्याला एकदा ते वाक्य यायचं: "मी आपला मनमाडला जातो. तिकडं घर बंद आहे."

एका मे महिन्यात त्यांना मागच्या खोलीत भोवळ आली. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब आहे, या वयात ऊन सोसायचं नाही, यांना गारव्यात ठेवा. मग नाशिकच्या हवेचा अभिमान गुंडाळून ठेवला आणि खिडकीत बसवायचा एसी आणला. अण्णांच्या खोलीला दोन खिडक्या. त्यांतली एक कापून मशीन बसवलं. त्याचं मागचं तोंड आमच्या मागच्या अंगणात. अंगण म्हणजे काय, धुण्याचा दगड आणि एक मातीचा पट्टा. अण्णा त्या मशीनकडे ढुंकूनही बघेनात. "पार्सल ऑफिसच्या पत्र्याखाली जन्म गेला, तेव्हा काय झालं नाही. लय लाड करू नका माझे." आम्ही सुरू करून जायचो, आमची पाठ वळली की ते बंद.

आणि मग एक दिवस त्यांना पाणी दिसलं.

मशीनच्या मागून थेंब पडत होते. अण्णा बाहेर गेले, वर बघितलं, खाली बघितलं, तळहात धरला, वास घेतला. संध्याकाळी मी घरी आले तर त्या थेंबांखाली आमची निळी बादली आणि बादलीशेजारी पाटावर अण्णा. "वंदना, हे बघ. हवेतून पाणी काढतंय हे मशीन!" त्यांचा असा आवाज मी आई गेल्यापासून ऐकला नव्हता. मी म्हटलं, सगळीच मशीनं काढतात, अण्णा. "सगळे ते टाकून देतात?" त्यांनी विचारलं, आणि बादली थेंबांखाली आणखी नीट सरकवली.

त्या आठवड्यात त्यांनी जाधवबाईंकडून अळूचे कंद आणून मातीच्या पट्ट्यात लावले. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. अळूला नळाचं पाणी घालणं त्यांना मंजूर नव्हतं. पिण्याचं पाणी मातीत ओतायचं म्हणजे पाप. धुण्याचं पाणी चाललं असतं, पण पावडरच्या पाण्यानं अळू घशाला खाजतं अशी त्यांची पक्की समजूत. तेव्हा फक्त मशीनचं पाणी. एप्रिलात थेंब थेंब, मे सरता सरता धार. "आभाळ आलं की जास्त पडतं," हे त्यांनीच शोधून काढलं. पहिल्या हंगामातच हाताच्या पंज्याएवढी पानं सुपाएवढी झाली. मी वड्या केल्या आणि अण्णांनी त्या गल्लीत घरोघरी स्वतः नेऊन दिल्या, अगदी जाधवबाईंकडेसुद्धा, जिथून कंद आले होते.

आता हा माणूस खोलीत गार झोपतो आणि फावल्या वेळात अळू बघतो, अशी आमची समजूत. शनिवारी पतपेढी लवकर सुटायची. एका शनिवारी दुपारी मी आले, तर मशीन घरघरत होतं, खोलीची दुसरी खिडकी सताड उघडी होती, आणि अण्णा? अण्णा मागच्या अंगणात, उन्हात, डोक्यावर ओला पंचा टाकून बादलीपाशी बसलेले.

"अहो अण्णा, आत गारव्यात बसायचं सोडून इथं काय करताय?"

"आत बसून किती पडतंय ते कसं दिसणार?"

"आणि खिडकी का उघडी?"

"खिडकी उघडी ठेवली की जास्त पडतं," ते शांतपणे म्हणाले. "बंद खोलीत हवा तरी किती असते!"

हिशेब बरोबर होता, म्हणून तर वाद घालता येईना. प्रकाश संध्याकाळी विजेचं बिल हातात घेऊन म्हणाला, "अण्णा, या पाण्यापेक्षा अळूला दूध घाला, स्वस्त पडेल." अण्णा हसले. आयुष्यात त्यांनी थेंबाथेंबाचा विचार केला, विजेचा करायची वेळच आली नव्हती. आम्ही खिडकी बंद करायचो, ते उघडायचे. मीही फार ताणून धरलं नाही. कारण त्या अळूनंतर त्यांचं मनमाडला जायचं वाक्य बंद झालं होतं.

अशी सात-आठ वर्षं गेली. भारनियमनाचे उन्हाळे आले. दुपारी वीज गेली की सगळी कॉलनी उकडतंय म्हणून कुरकुरायची आणि आमचे अण्णा बादली रिकामी राहिली म्हणून. मग एका एप्रिलमध्ये मशीननं आधी घरघर वाढवली, मग खोकल्यासारखं काहीतरी केलं आणि गप्प झालं.

रईसभाई आले. बसवल्या दिवसापासून मशीन तेच बघायचे. त्यांनी जाळी काढली, आत बॅटरी मारून बघितलं आणि जमिनीवर बसून घेतलं. "भाभी, कॉम्प्रेसर गेला. कॉइल पण सडलीय. खोली कधी गार व्हायचीच नाही आणि मशीन कधी थांबायचंच नाही, असं चाललंय हे इतकी वर्षं. बिचारा थकला." अण्णा दारात उभे होते. ते मागच्या अंगणात गेले.

मग घरात जे सुरू झालं ते ज्याच्या त्याच्या घरात एकदा तरी होतंच. दुरुस्त करावं की नवं घ्यावं? प्रकाश रोज एका दुकानाची माहितीपत्रकं आणायचा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर जुनं द्या, नवं न्या. भिंतीवरचं मशीन, आवाज नाही, बिल कमी, खिडकी मोकळी. माझं मन दुरुस्तीकडे. चालतंय तोवर चालवावं, ही आमच्या पिढीची खोड. शेजारीपाजारी दोन्ही बाजूंनी बोलायचे. एकाची दुरुस्ती फसलेली, दुसऱ्याचं नवं मशीन महिन्यात बिघडलेलं. जेवताना बोलणं निघायचं आणि ताटं वाळेपर्यंत चालायचं. ज्यांच्या खोलीत मशीन बसणार त्यांना मात्र कुणी विचारलं नाही. शेवटी दुकानाचा माणूस भिंत मोजायला आला तेव्हा अण्णांनीच एक प्रश्न केला. "पाणी कुठं पडणार?"

"काका, त्याचं टेन्शनच नाही. नळी आतून बाथरूममध्ये सोडतो. बाहेर एक थेंब दिसणार नाही!"

अण्णांनी मान हलवली. चांगली बातमी ऐकल्यासारखी.

त्या रात्री जेवताना किती वर्षांनी ते वाक्य आलं. "मी आपला मनमाडला जातो. आखाजीला हिची घागर तिकडंच भरलेली बरी. तिचं घर ते." आखाजीच्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर ठेवतात. इतकी वर्षं आईंची घागर आमच्याच घरी भरली जात होती. प्रकाश म्हणाला, "जाऊन या दोन दिवस." अण्णा म्हणाले, "बघू." मला तो "बघू" काही आवडला नाही.

सकाळी मागून खुरप्याचा आवाज आला. जाऊन बघते तर अण्णा अळू उपटत होते. पानं एकीकडे, कंद एकीकडे, आणि थोडे कंद आधीच ओल्या गोणपाटात नीट बांधून ठेवलेले.

"अण्णा, हे काय?"

"जाधवबाईंकडं परत देतो. त्यांच्या मोरीवर जगेल. इथं आता कशावर जगणार?"

"मी नळाचं घालीन."

"पिण्याचं पाणी? तुझ्या सासूनं ऐकलं असतं ना, तर घरात पाय ठेवला नसता." ते हसत बोलले, पण माझ्याकडे बघितलं नाही. "मी दिवसभर करू काय इथं, सांग. बसून खायचं आणि गार हवेत झोपायचं. तेवढ्यासाठी माणूस घर सोडून येतो का?"

मला तेव्हा कळलं की ते दोन दिवसांसाठी जात नव्हते. वय सत्तरीच्या पुढचं, रक्तदाब, मे तोंडावर आणि मनमाडच्या त्या बंद घरात एकटे. मी रईसभाईंना फोन केला, वाटेल ते करा पण जुनंच मशीन चालू करा. ते आले, पुन्हा आत डोकावले, अंगणातल्या त्या उपटलेल्या अळूकडे बघितलं. म्हणाले, "चालू करून देईन, भाभी. दोन महिने चालेल, नाहीतर दोन दिवस. पण मशीन चाचांना झोपायला पाहिजे का झाडाला प्यायला, तेवढं आधी ठरवा."

ठरवायचं काय त्यात, दोन्हीला पाहिजे होतं. जुन्याचा नाद मात्र मी सोडला. दुकानाचा माणूस नवं मशीन घेऊन आला तेव्हा मी पतपेढीतून सुट्टी घेऊन दारातच उभी राहिले. म्हटलं, नळी मागच्या अंगणात सोडायची. तो म्हणाला, "मॅडम, भिंतीवर दिसेल ती, सगळा शो जाईल." म्हटलं, जाऊ दे शो. भिंतीला भोक पडलं, पांढरी नळी मातीच्या पट्ट्यावर आली. अण्णा खुर्चीवरून सगळं बघत होते. माणूस जाताना बजावून गेला, खिडकी उघडी ठेवलीत तर काही खरं नाही. मी गोणपाट सोडलं आणि कंद अण्णांपुढे ठेवले. "आणि आईंची घागर इथंच भरायची. त्यांना नाशिकलाच यायचं होतं." ते बराच वेळ कंदांवरची माती चोळत बसले. मग खुरपं मागितलं नाही, स्वतःच उठून शोधून आणलं.

आखाजीला त्यांनी घागर भरली, तीही काठोकाठ. वर्षातून एवढं एकच पाणी त्यांच्या घरात कुणापुढे काठोकाठ भरून ठेवलं जायचं. गेलेल्या माणसाला अर्धं चालत नाही. आमरस-पुरणपोळी झाली, अण्णा आपल्या खोलीत खिडकी लावून आवाज न करणाऱ्या गारव्यात झोपले.

पण नवं मशीन पाणी देईना. देईना म्हणजे बेताचं देई. हवा कोरडी, खिडकी बंद, सकाळपर्यंत बादलीत तांब्याभर पाणी. नुकत्याच लावलेल्या कंदांना पहिली पालवी फुटत होती आणि ती उन्हानं माना टाकत होती. अण्णा बादलीत बघायचे आणि तांब्यात पाणी घेऊन एकेका कंदाला घोट घोट पाजायचे. मला ते बघवेना. मी सकाळी त्यांच्या आधी उठून नळाचं पाणी त्या बादलीत ओतायला लागले. आधी थोडं, मग जरा जास्त, मग जवळजवळ पूर्ण. अळूनं मान वर काढली. अण्णा म्हणायचे, "सुधारलं की गं मशीन!" मी म्हणायचे, "हो ना."

एका सकाळी ते बादलीपाशी आले, बोटं पाण्यात बुडवली आणि थोडा वेळ तशीच ठेवली. मी ओट्यापाशी उभी राहून खिडकीतून बघत होते. मशीनचं पाणी गार असतं. गच्चीवरच्या टाकीतलं उन्हाळ्यात सकाळीही कोमट. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, आणि ज्यानं उभा जन्म पाण्याकडे बघण्यात घालवला त्याला मी फसवायला निघाले होते. त्यांनी ते पाणी फेकलं नाही. नेहमीसारखं तांब्यानं अळूला घातलं, हात पंच्याला पुसले आणि चहाला येऊन बसले.

चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "वंदना, बादली अर्धीच ठेवत जा. लागलं तर मागीन."

मी "बरं" म्हटलं आणि गॅसकडे वळले, कारण डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवसापासून अर्धीच बादली ठेवायला लागले. मागतील असं मात्र मला वाटलं नव्हतं. न मागता राहायची त्यांना फार वर्षांची सवय.

मे सरत आला होता. रविवार होता, मी कणीक मळत होते, प्रकाश पेपर वाचत होता. मागच्या अंगणातून चांगली खणखणीत हाक आली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

"वंदना! पाणी आण गं. अर्ध्यानं भागत नाही आज!"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. मी कणकेच्या हातानेच नळ सोडला आणि बादली काठोकाठ भरू दिली.